ड जीवनसत्त्वाची कमतरता : ठाणे व कल्याण-डोंबिवली

ड जीवनसत्त्व पुरेसे न मिळाल्यास आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. वाढत्या मुलांना त्यामुळे मुडदूस होतो, तर प्रौढांची हाडे मऊ पडतात. या दुसऱ्या विकाराला अस्थिमृदुता म्हणतात. स्कर्व्ही, बेरीबेरी आणि रातांधळेपणा यांची कारणे ताटात शोधता येतात. ड जीवनसत्त्वाचे तसे नाही, कारण त्याचा मोठा वाटा शरीर स्वतःच तयार करते. सूर्यप्रकाशातील 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेवर पडले की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून ते बनते. म्हणूनच ठाणे-डोंबिवलीसारख्या घामाच्या धारा लावणाऱ्या मुलखात ही कमतरता आढळावी, याचे अनेकांना नवल वाटते. वास्तविक टंचाई उन्हाची नाही, दुपारची आहे.

सूर्य आकाशात 45 अंशांपेक्षा वर असतो तेव्हा उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड पडते. ढोबळमानाने त्याच वेळी हे किरण पुरेशा प्रमाणात जमिनीवर पोचतात. सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरात त्यांतले बहुतेक गळून जातात. ठाणे सुमारे 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मे महिन्यात ही स्थिती सकाळी सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास येते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र सूर्य मध्यान्हीही जेमतेम 47 अंशांवर चढतो आणि उपयोगी ऊन दुपारी साडेबाराच्या आगेमागे मिळून सुमारे दोन तासांपुरतेच उरते. सातच्या फास्टसाठी फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला ऊन लागते, पण ते या कामाचे नसते. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 48 किलोमीटर आहे. ते कापून तो कचेरीत शिरतो, सूर्य माथ्यावर येतो तेव्हा काचेआड बसलेला असतो (साधी काचही हे किरण बहुतांशी अडवते) आणि अंधार पडल्यावर घरी परततो. तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात निजवण्याच्या रिवाजाचे इतर गुण असतील. या एका बाबतीत मात्र त्यावर विसंबता येत नाही.

यावर असा आक्षेप येतो की दोष उन्हाचा नसून शाकाहाराचा आणि निकृष्ट खाण्याचा असेल. त्याची परीक्षा महाराष्ट्रातच होऊन गेली आहे. हचिसन आणि शाह यांनी मुडदुसाच्या कारणांविषयी नाशिकमध्ये केलेली पाहणी 1922 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मुडदूस आढळला तो खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांत. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांचे अन्न हलके असूनही त्यांच्यात तो विरळ होता. पडद्याच्या जागी आज नोकरीची वेळ, काचबंद गॅलरी आणि मे महिन्यात तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ आहे. अन्नाचा संबंध अजिबात नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. कॅल्शियम कमी पडले तर ऊन भरपूर मिळूनही मुडदूस होऊ शकतो. शिवाय बांगडा आणि तारली यांसारख्या तेलकट माशांतून आगरी-कोळी घरांना जो वाटा मिळतो, तो वरणभाताच्या घरांना मिळत नाही. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्यही किरण शोषते, त्यामुळे अधिक वेळ उन्हात राहावे लागते. पण तशाच त्वचेचे शेतमजूर आणि बांधकाम कामगार तो वेळ घालवतातच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ही कमतरता प्रयोगशाळांनीच फुगवली आहे. त्यात तथ्य आहे. रक्तातील पातळी मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅम असली तरी बहुतेकांना पुरते, असे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2011 मध्ये म्हटले; त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने 30 चा आकडा धरला आणि 2024 मध्ये तो स्वतःच सोडून दिला. 20 आणि 30 यांच्या मधला माणूस एका अहवालात रोगी, तर दुसऱ्यात निरोगी ठरतो. अमेरिकेतील 25,871 जणांच्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले, त्यांत ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमुळे अस्थिभंग कमी झाल्याचे दिसले नाही. परंतु तिथले लोक कमतरता पाहून निवडलेले नव्हते. पोट भरलेल्याला आणखी वाढून काही फरक पडला नाही, यावरून उपाशी माणसाला जेवण नको असे ठरत नाही. तेव्हा सरसकट तपासणीची गरज नसली, तरी मांड्या-कंबर दुखून जिना चढणे जड जाणाऱ्या बाईचे दुखणे केवळ 'वयाचे' म्हणून सोडून देणे चूक आहे. आठवड्याला 60,000 युनिटची पूड डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी दिलेली असते. ती मनाने महिनोन्महिने चालू ठेवल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. उन्हातून मात्र असा अतिरेक होत नाही, कारण जादा बनलेले द्रव्य त्याच उन्हात विघटित होते. या भागात दोन सत्रांत भरणाऱ्या ज्या शाळांचे सत्र दुपारी बारा-साडेबाराला बदलते, तिथल्या मुलांना घरी चालत येता-जाता, पावसाळ्याचे ढगाळ महिने सोडले तर, हे ऊन आपसूक मिळते. बसने ये-जा करणाऱ्यांना ते मिळत नाही.