मेलेल्या घोड्यांची वाट आणि वरून जाणारी गाडी

पायात कुठले बूट आहेत? चामड्याचे? मग भिजणार, आधीच सांगून ठेवते. तुम्ही उतरताय अलास्कातल्या स्कॅग्वे बंदरात, १८९७ च्या पावसाळी शरदात, आणि भरतीचं पाणी चढायला लागलंय. बोटवाल्यांनी तुमचं सामान सरळ चिखलात टाकलंय. पिठाची पोती, खारवलेलं डुकराचं मांस, सुका घेवडा, साखर, कॉफी, सुकवलेली सफरचंदं, फावडी, करवत, लोखंडी शेगडी. वर्षभराचा शिधा आहे हा, आणि क्लोंडाइकच्या सोन्यापर्यंत तो तुम्हालाच न्यायचाय. बघत काय उभे राहिलात, ओढा! पीठ भिजलं तर हिवाळ्यात खाल काय?

किनाऱ्यावर तंबूला तंबू लागलेत. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, ताज्या कापलेल्या फळ्यांचा वास येतो, हातोडे थांबत नाहीत. कारकून, न्हावी, शेतकरी, शाळामास्तर, सगळे एकाच चिखलात रुतलेत. सिअ‍ॅटलच्या महापौरांनीसुद्धा राजीनामा देऊन सोन्याची वाट धरलीय. कुत्री भुंकतात, खेचरं अडतात, आणि जो तो विचारतो, ‘घोडा आहे का विकायला?’

घोडा मिळाला तर समोर व्हाइट पासचा घाट आहे. ओझं थोडं पुढे न्यायचं, तिथे टाकायचं, रिकाम्या हाताने मागे यायचं, पुन्हा उचलायचं. तीच चढण इतक्या वेळा चढाल की तिथला दगड न् दगड ओळखीचा होईल. पुढचा माणूस थांबला की मागची अख्खी रांग थांबते, आणि पाठीवरचं ओझं उतरवता न आलेली जनावरं तासन् तास पावसात तशीच उभी राहतात. गुडघाभर राडा, निसरडे कातळ, दोन दगडांमध्ये अडकून मोडलेला पाय. पहिल्या वळणानंतरच नाकावर रुमाल धरावा लागतो. या वाटेवर तीन हजारांच्या आसपास घोडे मेले. लोक तिला मेलेल्या घोड्यांची वाट म्हणायला लागले, आणि त्यांच्यावरून पाय टाकत पुढे जात राहिले. या सोन्याच्या गोष्टीत मला सर्वांत जास्त वाईट त्या घोड्यांचं वाटतं. हाव त्यांची नव्हती.

बास, एवढं पुरे. माझा हात धरा, तीन वर्षं पुढे जाऊ.

ऑगस्ट १९००. तेच स्कॅग्वे, पण तंबूंच्या जागी आता लाकडी दुकानं आहेत, आणि ब्रॉडवे या मुख्य रस्त्याच्या मधोमध रूळ! इंजिन घंटा वाजवत दुकानांच्या दारांसमोरून येतंय. चढा पटकन, आणि डाव्या बाजूची खिडकी पकडा. रुळांमधलं अंतर जेमतेम तीन फूट आहे. वाट जितकी अरुंद, तितका डोंगर कमी फोडावा लागतो. वीस मैलांत ही गाडी जवळजवळ २,९०० फूट चढते. इंजिन धापा टाकतंय, खिडकीतून काजळी येतेय, पुसलीत तर गालभर पसरेल. बोगद्यात शिरताच डबा धुराने भरतो, कुणीतरी ठसकतं, मग एकदम गार वारा आणि खाली खोल दरी.

तो काळा क्रूस दिसला? सुरुंगाने सुटलेल्या प्रचंड शिळेखाली दोन मजूर गाडले गेले, ते अजून तिथेच आहेत. उभ्या कड्यावर दोर बांधून, बर्फात ही माणसं कातळ फोडत होती. आता जरा वाकून खाली बघा. दरीत ती बारीक रेघ दिसते ना? तीच आपली वाट. तिथे ज्या अंतराला दिवसच्या दिवस गेले, ते तुम्ही बसल्या जागी काही तासांत तोडताय. १९८२ मध्ये बंद पडलेली ही गाडी १९८८ पासून प्रवाशांसाठी पुन्हा धावतेय, आणि ती रेघ आजही खिडकीतून दिसते.

घाट ओलांडला की लेक बेनेट. दोन वर्षांपूर्वी इथे हजारो लोकांनी झाडं तोडून, हाताने फळ्या चिरून होड्या बांधल्या आणि बर्फ वितळताच सोडल्या. आता रूळ व्हाइटहॉर्सपर्यंत पोचलेत, त्यामुळे तळ्याकाठचं हे गाव भराभर रिकामं होतंय. टेकडीवरचं नवंकोरं लाकडी चर्च तेवढं उभं आहे, प्रार्थनेला माणूस नाही.

व्हाइटहॉर्सला उतरलात की डासांसाठी बाह्या खाली ओढा आणि आगबोट गाठा. धक्क्यावर सरपणाचे ढीग आहेत, मागचं मोठं चाक फिरायला लागलंय. क्लोंडाइकच्या सोन्याच्या गावी, डॉसनला, पोचल्यावर चांगली जमीन शोधत फिरू नका. सोन्याचे ओढे केव्हाच वाटून झालेत. पण भूक लागलीच असेल, तर खुशाल एखाद्या खानावळीत शिरा. पैसे सोन्याच्या चुऱ्यात द्यायचे असतात. थैली उघडाल तेव्हा तराजूवाल्याच्या बोटांवर नजर ठेवा. सांडलेला चुरा खालच्या भुशात पडतो, आणि तो भुसा रात्री कोण चाळतं ते त्याला चांगलं ठाऊक असतं.