केसकरांची बंदी आणि आपलं सुगम संगीत

अमेरिकेत रेडिओचा एक प्रकार आहे, ‘अडल्ट अल्बम अल्टरनेटिव्ह’, थोडक्यात ‘ट्रिपल ए’. हिट यादीबाहेरची, वेगवेगळ्या धाटणीची गाणी, जाणत्या वयाच्या श्रोत्यांसाठी. वाचून मला गंमत वाटली. असलं काम आपल्याकडे सरकारी आकाशवाणीने १९५० च्या दशकातच केलं होतं, तेही एका मराठी मंत्र्याच्या हट्टापायी.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री होते. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानींची गीतमाला तिथूनच घराघरात गेली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. सरकार हरलं, एवढीच गोष्ट आपण सांगतो.

पण मधल्या काळात वेळ भरायचा कशाने? केंद्रांनी कवी, संगीतकार, गायक हाताशी धरले आणि बिगरफिल्मी ‘सुगम संगीत’ स्वतः घडवलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींच्या चाली, आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. मुंबई केंद्रावर यशवंत देव, श्रीनिवास खळे. अरुण दातेंचं ‘शुक्रतारा’ही १९६२ मध्ये आकाशवाणीसाठीच झालं. यातलं एकही सिनेमासाठी नव्हतं, बरं का!

लोकांनी काय ऐकावं हे मंत्र्याने ठरवणं मला आजही पटत नाही. पण नव्या गाण्यासाठी कवीला, वादकाला सरकारी तिजोरीतून मानधन मिळत होतं, ते शंभर टक्के बरोबर होतं.

आता आपल्या नगरकडे बघा (अहिल्यानगर झालं, जिभेला अजून नगरच येतं). खासगी एफएम आले. त्यांना लायसन्सची फी भरायची, जाहिरात मिळवायची. ते चालणारंच गाणं लावणार, त्यांना दोष नाही. पण आकाशवाणीचं नगर केंद्र आपल्या पैशावर चालतं. संगमनेर, अकोले, पाथर्डी, जामखेडकडे आज कविता लिहिणारे, चाली बांधणारे काय कमी आहेत? महिन्याला एक नवं गाणं स्थानिक माणसांकडून करून घ्यायला किती खर्च येईल? खासदारसाहेबांना हा प्रश्न लेखी विचारतोय. उत्तर आलं की इथेच टाकतो.