ओंजळीतला मासा

लक्ष्मीपूजनाचा संकल्प सांगताना भटजी 'वैवस्वत मन्वंतरे' एवढे शब्द घाईघाईने उच्चारतात आणि आपण पळीभर पाणी ताम्हनात सोडून मोकळे होतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने एकदा विचारले, "गुरुजी, हा वैवस्वत कोण?" उत्तर द्यायला मला तास पुरला नाही.

वैवस्वत म्हणजे विवस्वानाचा, सूर्याचा मुलगा मनू. पुराणांनी १४ मनू मानले. त्यांतला हा सातवा. एकेकाची कारकीर्द ७१ महायुगांची, म्हणजे ३०,६७,२०,००० वर्षांची! हा हिशेब मांडणाऱ्याला नमस्कार करून आपण पुढे जाऊ.

मनूला पिता म्हणणारे ऋषी ऋग्वेदातच भेटतात. पण त्याची जलप्रलयाची गोष्ट सविस्तर येते ती शतपथ ब्राह्मणात, आणि तिथे ती किती साधी आहे! सकाळची वेळ. मनूने हात धुवायला पाणी घेतले, तो ओंजळीत इवलासा मासा. मासा म्हणतो, "मला सांभाळ, मी तुला तारीन. मोठे मासे आम्हा लहानांना गिळतात." मनूने त्याला आधी घागरीत ठेवले, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात सोडले. पुढे महापूर आला तेव्हा माशाने नाव ओढून उत्तरेच्या पर्वताशी नेली आणि मनूने ती झाडाला बांधली. पाणी ओसरले. पृथ्वीवर तो एकटाच उरला होता.

त्या एकटेपणात त्याने तूप, दही, निवळी पाण्यात अर्पण केली. वर्षभराने त्यातून एक स्त्री वर आली. तिच्या पावलात तूप साचत होते. वाटेत मित्र आणि वरुण तिला म्हणाले, "तू आमची आहेस असे सांग." ती म्हणाली, "ज्याने मला जन्म दिला त्याचीच मी." हीच इडा. तिच्यापासून मनूची प्रजा झाली. मनुष्य, मानव, माणूस हे सारे शब्द त्या बापाच्या नावाचे.

या गोष्टीत मासा कोणाचा अवतार नाही. महाभारतात तो ब्रह्मदेव होतो, मत्स्यपुराणात विष्णू. भागवताने तर मनूला द्रविड देशाचा राजा सत्यव्रत करून कृतमाला नदीवर बसवले. आवडत्या पूर्वजाला जो तो आपल्या नदीवर नेतो, त्यात वाईट काय?

वाईट झाले ते निराळेच. वर्णावर्णांत उच्चनीच ठरवणारे धर्मशास्त्र मनूच्याच नावावर चढले. त्यातला मनू हा नावेतला नव्हे. तो पहिला, स्वायंभुव. पण हा भेद लोकांनी कधी पाहिला? २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडला होता गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण असलेल्या गृहस्थांनी. मला तो ठराव योग्य वाटतो. सगळ्यांच्या बापाच्या नावाने कोणाला पाणवठ्यावरून हाकलायचे, हे त्या जुन्या गोष्टीला मुळीच मानवणारे नाही.

शतपथाने ही कथा सांगितली आहे तीही एका वाटणीच्या प्रसंगी. यज्ञातल्या हवीचा एक भाग काढून ठेवतात, आणि यजमान व ऋत्विज तो मिळून खातात. त्या भागाचे नाव इडा.