राणीचा देखावा

स्कॉटलंडच्या पर्थशर परगण्यात टमल नावाची नदी एका लांबट सरोवरातून वाहत जाते. अशा सरोवरास तिकडे 'लॉख' म्हणतात. पिटलॉख्री गावाहून पश्चिमेस गेले, की ह्या लॉखच्या उत्तर तीरावर एक खडकाळ टोक लागते. त्याचे नाव 'क्वीन्स व्ह्यू', म्हणजे राणीचा देखावा. जवळच्याच अ‍ॅलियन वनातून एक पायवाट चढणीस लागते, झाडीतून मोठा वळसा घेते आणि जेथून निघाली तेथेच परत येते. झाडी विरळ होते तेथे खाली पाणी आणि पलीकडे शिहॅलियनचे शिखर दिसते. निसर्गाचे आदिम रूप पाहिले, अशा समाधानात प्रवासी परततो. वस्तुतः त्याने पाहिले त्यांपैकी शिखर तेवढे आदिम. आजचे पाणी आणि आजचे वन ही दोन्ही सरकारी खात्यांची कृती होय.

ती राणी कोण, येथपासूनच घोटाळा आहे. व्हिक्टोरिया राणी 1866 साली येथे आली. आपण पूर्वी कधी न पाहिलेल्या ह्या जागेस राणीचे नाव कसे, ह्याचे तिलाही नवल वाटले. तिने ते दैनंदिनीत नोंदवून ठेवले. परंपरा हे नाव रॉबर्ट ब्रूसची पहिली पत्नी इझाबेला हिच्याकडे नेते. पण ब्रूस 1306 मध्ये सिंहासनावर बसण्यापूर्वीच ती बिचारी वारली होती, म्हणजे राणी अशी ती कधी झालीच नाही. स्थलनामांना कालगणनेची फारशी चाड नसते, हे आपल्याकडील पांडवलेण्यांवरूनही ठाऊक आहेच.

शिहॅलियनची थोरवी मात्र कागदोपत्री सिद्ध आहे. 1774 साली राजज्योतिषी मॅस्केलिन ह्याने ह्या पर्वताच्या आकर्षणाने ओळंबा किती ढळतो हे मोजले, आणि त्यावरून पृथ्वीच्या घनतेचे गणित मांडले गेले.

आता पाणी. व्हिक्टोरियाने पाहिलेले सरोवर आजच्याहून बरेच आखूड होते. 1943 मध्ये उत्तर स्कॉटलंडसाठी जलविद्युत मंडळ स्थापन झाले. टमल खोऱ्याच्या योजनेस पिटलॉख्रीकरांनी कडाडून विरोध केला. देखावा बिघडेल आणि प्रवासी येईनासे होतील, ही त्यांची धास्ती. तरीही 1950 मध्ये क्लूनीचे धरण पुरे झाले, लॉखची पातळी वाढली आणि काठची सखल जमीन पाण्याखाली गेली. धरणाच्या बोगद्याचे काम करताना पाच कामगार दगावले. बोगद्याच्याच मापाची एक कमान त्यांचे स्मारक म्हणून रस्त्यावर उभी आहे. प्रवासी येण्याचे काही थांबले नाहीत. वाढलेले पाणीच आता त्यांना मूळचे वाटते.

वनाची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. पहिल्या महायुद्धात जहाजे बुडू लागली, बाहेरचे लाकूड दुर्मिळ झाले आणि खाणींना टेकूसुद्धा मिळेनात, तेव्हा ब्रिटनला आपल्या उघड्या डोंगरांची जाणीव झाली. 1919 मध्ये फॉरेस्ट्री कमिशन निघाले. अ‍ॅलियन हे त्याच्याच वनांपैकी एक. 2019 मध्ये स्कॉटलंडची सरकारी वने तेथील स्वतंत्र यंत्रणेकडे गेली. कमिशनने जी झाडे विपुल लावली त्यांतली सिटका स्प्रूस आणि डग्लस फर ही मूळची अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची. त्यांचे बी ब्रिटनमध्ये धाडणारा डेव्हिड डग्लस ह्याच पर्थशरमधील स्कोन गावी 1799 साली जन्मला होता.

परंतु 1919 च्या बहात्तर वर्षे आधी, 1847 मध्ये, मुंबई इलाख्यात सरकारी वनरक्षकाची नेमणूक झाली होती, आणि तो अधिकारीही स्कॉटिशच होता. अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने कंपनी सरकारचा डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीची वनस्पतिबाग त्याच्या देखरेखीखाली होती. कोकणातील जंगलतोडीने झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, असे तो सरकारला कळवीत राहिला. त्याचे निरीक्षण बारीक होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच निरीक्षणाच्या आधारे त्याने डोंगरउतारावरील कुमरीच्या फिरत्या शेतीस बंदी घालण्याचा आग्रह धरला. स्वदेशात सरकारी वनखात्याचा मागमूसही नसताना स्कॉटिश डॉक्टरने आमच्या डोंगरकऱ्यांच्या कोयतीवर निर्बंध सुचवावे, ह्यातील विसंगती त्या काळच्या दप्तरांना जाणवलेली दिसत नाही.

अ‍ॅलियनच्या पायवाटेवर मध्येच अठराव्या शतकातील एका वाडीचे अवशेष लागतात. दगडी भिंतींची, बुटकी, एकमेकांस चिकटून बसलेली घरे. त्यांतील काही भाग पुन्हा उभा केला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी हजारो लहान कुळांना उठवले. कित्येक खोरी ओस पडली, लोक कारखान्यांच्या गावी किंवा कॅनडास गेले. खात्याने झाडे लावली ती अशाच मोकळ्या झालेल्या रानांत. वाडीच्या वर झाडीत एक वर्तुळाकार कोटही आहे, हजार वर्षांहून जुना. त्यात राहणाऱ्यांना खालचे सरोवर आखूडच दिसत असेल.

वाडीच्या भिंतींशी उभे राहून आज लॉख पाहता येते. कुमरी करणाऱ्यांच्या झोपड्या कुडाच्या आणि गवताच्या होत्या. त्यांच्या जागा आता सह्याद्रीच्या उतारावर शोधून सापडणार नाहीत.