आकडे आणि कान

आवाज विकत घेताना आकडा वाचण्याची पाळी माणसावर आली, तिला अजून अर्धशतकही झालेले नाही. पूर्वी तबकडी घेणारा गाणाऱ्याचे नाव पाही. आता तो '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' अशी अक्षरे पाहतो, आणि '१६ बिट, ४४.१' ह्यांना हलका माल समजतो. आमचे एक सोबती यंत्रमागावर काम करतात. गाण्याचे मोठे शौकीन. बोनसची रक्कम घालून त्यांनी मोठ्या आकड्यांचे एक यंत्र आणले आणि चार दिवसांनी आम्हांस विचारले, "फरक का हो कळत नाही?" त्या प्रश्नापायी आम्हांला हा इतिहास धुंडाळावा लागला.

ह्या विद्येचा जन्म गाण्यासाठी झालाच नाही. टेलिफोनच्या लांबलचक तारांत खरखर वाढत जाई, आणि वाटेत आवाज मोठा करावा तर खरखरही मोठी होई. १९३७ साली पॅरिसमध्ये काम करणारे ब्रिटिश इंजिनियर अलेक रीव्ह्ज ह्यांनी युक्ती काढली: लाट पाठवूच नका, तिची उंची ठराविक काळाने मोजा आणि आकडे पाठवा. किती वेळा मोजावे, ह्याचा पाया नायक्विस्ट ह्यांनी १९२८ साली घातला होता. शॅनन ह्यांनी १९४९ साली तो सिद्धान्तरूपाने मांडला. सर्वांत उंच स्वराच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, की त्या मर्यादेतली सगळी लाट परत उभी करता येते. तरुण, निरोगी कान सेकंदास सुमारे २०,००० कंपने ऐकतो. म्हणजे ४०,००० मोजण्या आणि वर थोडी सवड.

मग ४४,१०० हा चमत्कारिक आकडा कोठून आला? एवढे आकडे साठवायला त्या काळी हाताशी होती ती दूरचित्रवाणीची चित्रफीत. चित्राच्या एका क्षेत्रात २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ मोजण्या, सेकंदास ६० क्षेत्रे. गुणाकार करून पाहावा. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० क्षेत्रे, तरी उत्तर तेच. फिलिप्सला १४ बिट पुरेसे वाटत होते, सोनीने १६ चा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात सीडी विक्रीस आली. (आमच्यासारख्यांच्या ध्यानात ते वर्ष मुंबईच्या गिरणीसंपाचे म्हणून आहे.)

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मोजण्यांच्या मध्ये खाचा राहतात, लाट जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची होते, असे चित्र जाहिरातीत काढतात. ते खोटे आहे. यंत्रातून बाहेर पडणारी लाट सलगच असते. बिट वाढवल्याने तळाची खरखर तेवढी कमी होते: १६ बिटांत ती सर्वोच्च आवाजाच्या सुमारे ९६ डेसिबेल खाली, २४ बिटांत हिशेबाने १४४. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ही सवड खरोखर उपयोगी. गाणारा अचानक चढला तरी त्याचे काम बिघडत नाही. ऐकणाऱ्याची गोष्ट निराळी.

१९९९ साली 'सुपर ऑडिओ सीडी' निघाली. २००७ साली मेयर व मोरन ह्या दोघांनी अमेरिकेतील आपल्या प्रयोगांचा निकाल छापला: ५५४ वेळा श्रोत्यांना विचारले, थोर तबकडी कोणती आणि तिचाच आवाज सीडीच्या मापातून गाळलेला कोणता? बरोबर उत्तरे २७६. नाणे उडवूनही एवढीच येतात. २०१६ साली लंडनच्या जोशुआ रीस ह्यांनी १८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरे ५२.३ टक्के निघाली. मुद्दाम कान तयार केलेल्यांत ती ६० च्या वर गेली. म्हणजे फरक मुळीच नाही असे छातीठोक म्हणता येत नाही. पण तो फार बारीक आहे.

मेयर-मोरन ह्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, ती आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. त्या महागड्या तबकड्या बहुतेक सीडींहून चांगल्याच वाजत. कारण माप नव्हे. त्या तयार करणाऱ्या तंत्रज्ञांना आवाज दडपून मोठा करण्याची सक्ती नव्हती, मन लावून काम करायला मोकळीक होती. राबणाऱ्याच्या हातचे श्रेय आकड्याने खाल्ले, हा प्रकार आम्हांस नवा नाही.

आणि आमच्या सोबत्यांचे काय? त्यांचे कान तपासून घेतले. मागांच्या खडखडाटाने ४,००० कंपनांच्या आसपासचे ऐकू येणे पुष्कळ गेलेले निघाले. गोंगाटाचा घाव प्रथम तेथेच बसतो. यंत्र त्यांनी पुतणीला दिले. त्यानंतरच्या मागणीपत्रकात कानांच्या वार्षिक तपासणीचे कलम आम्ही घातले आहे. मालकांची सही अद्याप व्हायची आहे.