काँक येथील सेंत फ्वा चर्च

काँक येथील सेंत फ्वा चर्च : दक्षिण फ्रान्सच्या आवेरों विभागातील मध्ययुगीन मठचर्च. ल प्वीहून स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेलाकडे पायी जाणारे यात्रेकरू आजही येथे मुक्कामाला थांबतात. खाली दुर्दू नदी, तीव्र उतार आणि पातळ दगडी फरशांनी शाकारलेली घरे, असे काँक हे लहानसे गाव आहे.

सेंत फ्वा ही आझां येथे हौतात्म्य पत्करलेली मुलगी. तिच्या अस्थी नवव्या शतकात काँकच्या एका भिक्षूने तेथून चोरून आणल्या, असे परंपरा सांगते. त्यानंतर यात्रेकरूंचा ओघ वाढला. सध्याच्या वास्तूचे बांधकाम मुख्यतः 11व्या शतकात सुरू होऊन 12व्या शतकात पूर्ण झाले. तिची आखणी गर्दी डोळ्यांसमोर ठेवूनच झाली आहे : वेदीभोवती प्रदक्षिणामार्ग असल्याने उपासना चालू असतानाही भाविकांची रांग थांबत नसे.

पश्चिम दारावरील अंतिम निवाड्याचा शिल्पपट हे या स्थळाचे सर्वांत मोठे वैभव. त्यात 124 आकृती आहेत. मध्यभागी ख्रिस्त, त्याच्या उजवीकडे स्वर्ग, डावीकडे नरक. नरकात घोड्यावरून डोक्यावर कोसळणारा सरदार आणि गळ्यात थैली अडकवून फासावर लटकवलेला कंजूष दिसतो. स्वर्गाच्या बाजूला सेंत फ्वा देवाच्या हातापुढे लवली आहे आणि तिच्या मागे कमानींतून बेड्या लोंबतात. तिच्या कृपेने सुटलेले कैदी आपल्या बेड्या येथे आणून वाहत, ही श्रद्धा शिल्पकाराने या बारकाव्यात नेमकी पकडली आहे. काही ठिकाणी मूळ निळ्या-तांबड्या रंगाच्या खुणा टिकून आहेत.

सेंत फ्वाची मूर्ती कोशालयात आहे : लाकडी गाभा, वर सोन्याचा पत्रा आणि रत्ने. आंजे येथील बेर्नार या विद्वानाला 11व्या शतकाच्या आरंभी ती आधी मूर्तिपूजेचाच प्रकार वाटली. पुढे त्यानेच तिच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिला. फ्रेंच राज्यक्रांतीत गावकऱ्यांनी हा ठेवा लपवून वाचवला.

1837 मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक प्रोस्पेर मेरिमे यांनी मोडकळीस आलेल्या चर्चची पाहणी केली आणि जीर्णोद्धाराला चालना मिळाली. जवळच्या रोदेझचे चित्रकार प्येर सुलाझ यांनी 104 खिडक्यांसाठी रंगहीन, अर्धपारदर्शक काच योजली (1994). ती प्रार्थनेला साजेशी आहे. दिवस चढतो-उतरतो तशी तिची छटा पालटते. चर्च 1998 पासून फ्रान्समधील सान्तियागो यात्रामार्गांच्या जागतिक वारशात समाविष्ट आहे.

शिल्पपट पश्चिमाभिमुख असल्याने तो दुपारनंतरच्या उन्हात पाहावा. शक्य असल्यास गावात रात्रीचा मुक्काम करावा. सायंप्रार्थनेनंतर भिक्षू यात्रेकरूंना आशीर्वाद देतात.