मनोरा राहिला, भिंती पाडल्या

मुंबईचा राजाबाई टॉवर ज्याने लंडनमध्ये बसून कागदावर काढला, तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलाच नाही. त्याचा आणखी एक मनोरा हॅम्बुर्गमध्ये आहे. मला त्याची गोष्ट जास्त अस्वस्थ करते.

१८४२च्या आगीत हॅम्बुर्गचं जुनं सेंट निकोलाई चर्च जळालं. स्कॉटच्या आराखड्यावर नवं उभं राहिलं. १८७४मध्ये मनोरा पुरा झाला तेव्हा १४७ मीटरची ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. मान दोनच वर्षं टिकला. (आपला राजाबाई साधारण ८५ मीटर.)

जुलै १९४३मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी शहरावर हल्ले सुरू केले, तेव्हा हीच उंची वैमानिकांना खूण म्हणून कामी आली. शहराने जणू स्वतःचं लोकेशन आधीच पाठवून ठेवलं होतं. २७ जुलैच्या रात्री वेगवेगळ्या आगी एकत्र झाल्या. तापलेली हवा वर गेली, तिच्या जागी चहूकडून वारा वादळासारखा आत घुसला आणि आग आणखी भडकली. तळघरात लपलेले कित्येक जण गुदमरून गेले. त्या हल्ल्यांत ३० हजारांहून जास्त माणसं मेली. चर्चचं छप्पर कोसळलं, पण मनोरा आणि बऱ्याचशा भिंती उभ्या राहिल्या.

आज तिथे मनोरा, भिंतींचे थोडे तुकडे आणि मोकळी जागा दिसते. बाँबने एवढंच शिल्लक ठेवलं, असं कुणालाही वाटेल. पण चर्च पुन्हा बांधणं शक्य होतं. तरी १९५१मध्ये शहरानेच मुख्य सभागृह पाडलं. त्यातले काही दगड एल्ब नदीच्या काठाला भराव म्हणून गेले आणि नवं चर्च दुसऱ्या वस्तीत बांधलं. म्हणजे आपण ज्याला युद्धाची खूण म्हणतो, त्यातला बराच भाग शांततेच्या काळातल्या माणसांनी ठरवलेला आहे. मला यात फसवणूक दिसत नाही, पण बघणाऱ्याला ते माहीत असावं.

मनोऱ्याखालच्या तळघरात आता संग्रहालय आहे. फक्त आपलं दुःख मांडणं सोपं होतं. तिथे जर्मन बाँबने उद्ध्वस्त झालेली कॉव्हेंट्री आणि वॉर्साही आहेत. आणि जळालेल्या हॅम्बुर्गमधली प्रेतं उचलायला कुणाला लावलं होतं? जवळच्याच नॉयनगामे छळछावणीतल्या कैद्यांना.